घरच्या घरी

हेमलता मगदूम काय काम करते याबद्दल तिच्या नातेवाइकांना जे ठाऊक होतं ते निम्मंच खरं होतं. मिरजेच्या एका इस्पितळात बावीस वर्षं नर्स म्हणून उभं राहून राहून गुडघे बोलायला लागले, तेव्हा तिने ती नोकरी सोडली आणि घरी बसून फोनवरून लोकांना सल्ला द्यायचं काम धरलं, एवढं खरं होतं. ते लोक मधुमेहाचे रुग्ण असतात, हे तिने स्वतः रचलेलं होतं. नवरा जिनदत्त सोडला तर खरी गोष्ट कुणालाच माहीत नव्हती. लग्नकार्यात बायका तिला गाठून भात सोडावा का म्हणून विचारायच्या, आणि ती त्यांना तब्येतीत उत्तरंही द्यायची.

खरी गोष्ट अशी, की हेमलता ‘सांगाती’ नावाच्या संस्थेत समुपदेशक होती. एचआयव्हीची चाचणी घरच्या घरी करणाऱ्या पुरुषांशी बोलणं, हे तिचं काम.

घरी करायच्या चाचण्या पूर्वीही मिळत. पण जुनी पट्टी विषाणूला शोधतच नसे. विषाणूशी लढायला शरीर जी प्रतिपिंडं तयार करतं, त्यांना ती शोधायची. आणि ती पुरेशी तयार व्हायला काही आठवडे, कधी तीन महिने लागायचे. तेवढ्या अवधीत माणूस ‘मला काही नाही’ म्हणून निर्धास्त हिंडायचा. नवी डबी थेट विषाणूच्या जनुकीय धाग्यालाच पकडायची. बोटाच्या रक्ताचा थेंब तिच्यात सोडला, की आतली विकरं त्या धाग्याचा एक ठरावीक तुकडा हेरून त्याच्या नकला काढत सुटायची. एकाच्या दोन, दोनाच्या चार, असं करत वीस मिनिटांत कोट्यवधी. याला ना वीज लागायची ना प्रयोगशाळा, लागायची फक्त अंगाची ऊब. म्हणून ती डबी वीस मिनिटं काखेत धरून बसायचं. संसर्गाला जेमतेम दहा दिवस झाले असले तरी रेघ उमटायची.

डबी चांगली होती, पण ती घ्यायला येणार कोण? ज्यांना धोका जास्त, तेच पुरुष दवाखान्याची पायरी चढत नसत. तिथे केसपेपर काढायला रांग, रांगेत गावातलं कुणीतरी हमखास, आणि खिडकीतून नाव पुकारणारा माणूस खणखणीत आवाजाचा. तेव्हा सांगातीने असं केलं, की हे पुरुष फोनवरच्या ज्या जागी एकमेकांना शोधत होते, तिथेच ती डबी मांडून ठेवली. नाव नको, पत्ता नको. जवळच्या पार्सलपेटीचा नंबर निवडायचा, डबी तिथे येऊन पडायची. आणि चाचणी करताना कुणी सोबतीला हवं असेल तर एक बटण दाबायचं.

त्या बटणाच्या दुसऱ्या टोकाला हेमलता असायची. पण तिचा आवाज तिचा नसायचा, आणि पलीकडच्याचा त्याचा नसायचा. बोलण्यात दोन गोष्टी असतात: काय बोललं जातंय आणि कोण बोलतंय. गळ्याची पट्टी, छातीचा घुमारा, नाकातला सूर, श्वास घेण्याची लकब, हे सगळं ‘कोण’मध्ये येतं. यंत्र ते ‘कोण’ वेगळं काढून फेकून द्यायचं आणि त्या जागी दुसराच गळा बसवायचं. सांगातीतले लोक याला मुखवटा म्हणत. सुरुवातीला मुखवटा शब्दही बदलायचा. कोकणातला असो की खानदेशातला, सगळ्यांना एकाच छापील मराठीत बोलायला लावायचा. ते फार टिकलं नाही. माणसं दोन वाक्यांत फोन ठेवायला लागली. छापील मराठीत कुणाला रडता येईना. मग शब्द ज्याचे त्याला परत मिळाले. गळा तेवढा उसना राहिला.

त्या गळ्यात हेमलताचं नाव नंदाताई होतं.

ती गोष्ट घडली सोमवारी दुपारी. जिनदत्त बियाण्यांच्या दुकानात गेला होता, आणि हेमलता मागच्या खोलीत कानाला यंत्र लावून बसली होती. तीनच्या सुमाराला एक कॉल आला. पलीकडच्याने आपलं नाव सागर सांगितलं. ते खरं नसणार हे दोघांनाही माहीत होतं.

त्याने डबीत रक्त सोडलं होतं आणि काखेत धरली होती. आता वीस मिनिटं काढायची होती. हेमलताने त्याला नेहमीचं सगळं सांगितलं: एक रेघ म्हणजे डबी नीट चालली, दोन म्हणजे विषाणू सापडला, आणि दोन आल्या तरी सरकारी केंद्रात पुन्हा रक्त तपासल्याशिवाय काहीच पक्कं धरायचं नाही. तो हं हं करत होता. मग जरा हसून म्हणाला की शाळेतल्या पोरासारखं काखेत थर्मामीटर धरून बसल्यागत वाटायलंय. ‘वाटायलंय’ ऐकून हेमलताने ओळखलं, माणूस आपल्याच बाजूचा, कोल्हापूर-सांगलीकडचा. त्यात विशेष काही नव्हतं. तिकडून पुष्कळ कॉल यायचे.

 तिने विचारलं, भीती वाटते का?

“पोटात नुसता पारवा घुमायलाय, ताई,” तो म्हणाला.

हेमलताचा हात टेबलावर होता तो तसाच राहिला.

शिरोळच्या त्यांच्या घराला पत्र्याचा माळा होता आणि माळ्यावर पारव्यांची वस्ती. आईला शेवटचं इस्पितळात नेलं त्या दिवशी नऊ वर्षांचा सन्मती जिन्यात बसून होता. काय होतंय रे, म्हणून बावीस वर्षांच्या हेमलताने विचारलं, तेव्हा त्याने पोटावर हात ठेवून सांगितलं होतं की आत पारवा घुमतोय. आई गेली. त्यानंतर दोघं बहीणभाऊ धास्तावले की हेच म्हणत. परीक्षेला, मुलाखतीला, हेमलताच्या ऑपरेशनच्या वेळी. बाहेर कुणापुढे ते कधी म्हटलं गेलं नाही. जिनदत्तलाही ते ठाऊक नव्हतं. भूतलावर हे वाक्य बोलणारी माणसं दोनच होती, आणि त्यांतलं एक मिरजेत कानाला यंत्र लावून बसलं होतं.

पडद्याच्या कोपऱ्यात एक पिवळं बटण होतं. बोलणारा आपल्या ओळखीचा निघाला तर समुपदेशकाने ते दाबायचं, म्हणजे कॉल दुसऱ्याकडे जातो. नियमच होता तो, आणि शहाणपणाचा होता. हेमलताने बटणाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. अकरा मिनिटं झाली होती, नऊ राहिली होती. आता त्याला मध्येच सोडायचं आणि रेघ उमटताना एखाद्या नव्या आवाजाच्या हवाली करायचं, हे तिच्याच्याने होईना. तिने बटण दाबलं नाही.

नंदाताईच्या आवाजात तिने विचारलं, सागर, कशामुळे वाटलं चाचणी करावीशी?

त्याने सांगितलं. तो एका माणसाबरोबर नऊ वर्षं राहत होता. लोकांच्या लेखी तो खोली वाटून घेणारा दोस्त. माणूस सोन्यासारखा. दोन आठवड्यांपूर्वी ड्रोनचा परवाना नवा करायला तो पुण्याला गेला, चार दिवस लॉजवर राहिला, आणि तिथे फोनवर ओळख झालेल्या एकाशी एकदा संबंध आला. का, ते त्याचं त्यालाच नीट सांगता येईना. परत आल्यापासून आजारपणाचं निमित्त करून तो घरात वेगळा झोपत होता. काल फोनवर ती जाहिरात दिसली, घरच्या घरी, कुणाला न सांगता. त्याने डबी मागवली.

हेमलता ऐकत होती. सन्मतीबरोबर राहतो तो निवृत्ती शेळके. जयसिंगपूरच्या आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवतो, कमी बोलतो, चहा उत्तम करतो. ती गेली की चहा देऊन काहीतरी कामाचं निमित्त काढून बाहेर जातो. नऊ वर्षं ती त्याला भावाचा भाडेकरू समजत आली होती. किंवा तसं समजायचं तिने ठरवलं होतं.

वेळ झाली. त्याने डबी काढून पाहिली. 

“दोन आहेत,” तो म्हणाला.

अशा वेळी काय बोलायचं हे हेमलताला पाठ होतं, आणि पाठ होतं म्हणूनच ती बोलू शकली. हा आता जन्माचा सोबती असला तरी जीव घेणारा आजार राहिलेला नाही. वर्षाला दोन इंजेक्शनं आहेत. औषध लागू पडलं की काही महिन्यांत रक्तातला विषाणू इतका कमी होतो की मोजायला सापडत नाही, आणि तो तसा राहिला तर संबंधांतून जोडीदाराला जात नाही. जोडीदाराचीही चाचणी व्हायला हवी. त्याला काही नसेल तर त्याने टोचून घ्यायचं वेगळं, बचावाचं इंजेक्शन आहे. आणि तुम्ही फार लवकर पाहिलंत, त्याचा फायदा मोठा आहे. त्याने प्रत्येक गोष्ट दोनदा विचारली. तिने दोनदा सांगितली. सांगलीच्या केंद्रातली गुरुवारची वेळ त्याच्या नंबराला लावून दिली.

शेवटी तिच्या पडद्यावर एक प्रश्न राहिला, तो प्रत्येकाला विचारावाच लागायचा. हे ज्याला सांगता येईल असं जवळचं कुणी आहे का?

“अक्का आहे,” तो म्हणाला. “तिनंच वाढवलं मला. माझ्यापायी चार वर्षं लग्न लांबवलं तिनं. पण तिला नाही सांगता येणार.”

का, हा प्रश्न पडद्यावर नव्हता. हेमलताने तो विचारला.

तेव्हा त्याने चौदा वर्षांपूर्वीची एक संध्याकाळ सांगितली. अक्काच्या शेजारचा एक मुलगा हळदीच्या दिवशी घर सोडून गेला, आणि त्याला मुलींत रस नाही अशी कुजबुज गल्लीत झाली. स्वयंपाकघरात तोच विषय चालला होता. हा खाली बसून मटार सोलत होता.

“अक्का म्हणाली, असलं पोर पोटाला येण्यापेक्षा वांझ राहिलेलं बरं. मी सोलत राहिलो. एक किलो मटार होते, सगळे सोलले.” मग तो म्हणाला, “तिला आठवतही नसंल ते. मनाची वाईट नाही हो ती. पण मला विसरता येईना झालंय.”

हेमलताला तो शेजारचा मुलगा आठवत होता, ती हळद आठवत होती. स्वतःचं वाक्य आठवत नव्हतं. पण ते आपलंच आहे, याबद्दल तिला शंका आली नाही. त्या काळी ती तशीच बोलायची.

कॉल संपल्यावर तिने कानातलं यंत्र काढलं. मग तिने पुण्याला डॉ. तस्नीम काझींना फोन लावला. सांगातीचे सगळे समुपदेशक त्यांच्या हाताखाली होते. कोण ते न सांगता हेमलताने सांगितलं की कॉलवरचा माणूस आपल्या अगदी घरातला निघाला आणि ते कळूनही आपण नऊ मिनिटं ऐकत राहिलो.

डॉक्टर रागावल्या नाहीत, पण त्यांनी चूक पोटातही घातली नाही. चुकलंच, त्या म्हणाल्या. त्याने जे सांगितलं ते परक्या बाईला सांगितलं, तुम्हाला नव्हे. ते तुमच्याकडे त्याच्या नकळत राहता कामा नये. उद्या त्याचा पुढचा कॉल आहे, तेव्हा समुपदेशक तुम्हाला ओळखतो एवढं त्याला सांगा. कोण, हे त्याने विचारलं तरच सांगायचं. नंतर तो म्हणेल त्याच्याकडे त्याची फाईल जाईल, आणि तुम्ही ती पुन्हा उघडायची नाही. तो केंद्रात गेला की नाही, हे मलाही विचारायचं नाही.

दुसऱ्या दिवशी हेमलताने तसंच केलं. तिने आधी त्याची विचारपूस केली, मग सांगितलं की कालच्या बोलण्यावरून आपण त्याला ओळखलं आहे, दुसरं कुणालाही हे कळलेलं नाही आणि कळणार नाही; आपण कोण ते ऐकायचं असेल तर सांगू, नसेल तर दुसरी व्यक्ती—

पलीकडून फोन बंद झाला.

पुढचे चार-पाच दिवस तिला कसे गेले ते तिलाच माहीत. सागरचा नंबर तिच्या पडद्यावरून गेला होता. गुरुवार आला आणि गेला. घरी करून पाहिलेल्यांपैकी तिघांतला एक केंद्रापर्यंत पोचतच नाही, हा सांगातीचा आकडा तिने स्वतः कितीदा नव्या मुलींना शिकवला होता. बहीण म्हणून तिने सन्मतीला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तो म्हणाला, “फवारणीची गडबड आहे अक्का, नंतर करतो.” त्याचा स्वतःचा आवाज ऐकून, तो ओळखीचा गळा ऐकून, तिला उलट काहीच कळेना. मुखवट्याआडून तो कितीतरी जास्त बोलला होता.

जिनदत्तला ती काही सांगू शकत नव्हती. त्याने विचारलंही नाही. शनिवारी जेवताना तो एवढंच म्हणाला, की कुणाकडं जाऊन यायचं असेल तर उद्या जाऊन ये, घरचं मी बघतो.

रविवारी सकाळी तिने शेंगापोळ्या केल्या, डबा भरला आणि जयसिंगपूरची बस धरली. काय बोलायचं ते तिने बसमध्ये ठरवलं. भावाने परक्या बाईला जे सांगितलं त्यातलं अक्षरही तोंडातून काढायचं नाही. पण स्वतःबद्दल खरं सांगायला कुठल्या नियमाची आडकाठी नव्हती.

सन्मतीचं घर म्हणजे खाली ड्रोनची शेड आणि वर दोन खोल्या. उसाच्या पट्ट्यात औषध फवारायला त्याचे सहा ड्रोन फिरायचे. ती वर गेली तेव्हा तो जमिनीवर बसून एका बॅटरीचा बिघाड बघत होता. आठवड्याभरात उतरला होता. निवृत्तीने चहा आणून ठेवला आणि आयटीआयत जाऊन येतो म्हणून चपला घालायला लागला.

“रविवारी कसलं आयटीआय,” हेमलता म्हणाली. “बसा तुम्ही. तुम्हा दोघांनाही सांगायचंय.”

तो अवघडून बसला. हेमलताने सांगायला सुरुवात केली. आपण मधुमेहाचं काम करत नाही. सहा वर्षं आपण एचआयव्हीच्या चाचणीवर पुरुषांशी बोलतो. त्यांतले निम्मे पुरुष पुरुषांवर जीव लावणारे असतात. आजवर अशा शेकडो जणांशी आपण बोललो, त्यांच्या आयांबद्दल ऐकलं, जोडीदारांबद्दल ऐकलं, आणि आपली स्वतःची समजूत किती आखूड होती ते त्यांच्याकडून शिकलो.

निवृत्तीने भाबडेपणाने विचारलं, मग शुगरचं का सांगत होता?

“लाज वाटायची म्हणून,” ती म्हणाली. “त्या पुरुषांची नव्हे. लोक काय म्हणतील त्याची. सहा वर्षं मी त्यांना सांगते, भिऊ नका, आणि स्वतः भिऊन बसलेय. पूर्वी मी फार वाईट बोललेय, घरात, स्वयंपाक करता करता. ते ज्यांच्या कानावर पडलं त्यांना वाटत असणार, ही अजून तशीच आहे. मी बदलले, ते कुणाला कळूच दिलं नाही. म्हणून आज सांगायला आले.”

सन्मती बॅटरीकडेच बघत होता. मग ती बाजूला ठेवून उठला आणि म्हणाला, अक्का, जरा खाली ये, नवा ड्रोन दाखवतो.

शेडमध्ये गेल्यावर त्याने कुठलाच ड्रोन दाखवला नाही. दार ओढून घेतलं.

“नंदाताई,” तो म्हणाला.

हेमलताने मान हलवली.

“कशावरनं ओळखलंस?”

“पारव्यावरनं.”

त्याने डोळे मिटून घेतले. तिला वाटलं, आता तो रडेल. पण तो चिडला होता, आणि त्याचा आवाज खाली गेला.

“पाच दिवस मी जयसिंगपुरातल्या एकेका माणसाकडं बघत फिरलोय. दूधवाला, बँकेतली बाई, पलीकडच्या गल्लीतला डॉक्टर. ज्याच्याकडं बघंल त्याच्याबद्दल वाटायचं, हाच का? ह्यालाच माहितीय का? सेंटरच्या दारापर्यंत गेलो गुरुवारी. आत एक ओळखीची नर्स दिसली, तसा परत फिरलो. तू पहिल्यांदाच का नाही सांगितलंस? मला वाटलं असतं ते वाटलं असतं.”

 हेमलताला नियमाची ढाल पुढे करता आली असती, पण ती नऊ मिनिटं नियमात बसत नव्हती. ती म्हणाली की तिचं चुकलं. तुला त्या वेळी सोडवेना, एवढंच कारण, आणि ते कारण म्हणून पुरेसं नाही, हे मला कळतं. आणि मटारांच्या त्या संध्याकाळचं वाक्य मला आठवत नाही, पण ते मी बोलले असणार. ते परत घेता येत नाही, सन्मती. घेता आलं असतं तर तुझ्या दारात लोटांगण घालत आले असते.

 मग त्याने एका पिंपावर बसकण मारली आणि लहानपणी बसायचा तसा गुडघ्यांत डोकं घालून बसला. हेमलता गुडघे दुखत असतानाही त्याच्याजवळ खाली बसली. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा त्याने तो झटकला नाही.

उद्या केंद्रात मी येऊ का, असं तिने विचारलं. तो म्हणाला, ये. पण निवृत्तीला सांगितल्याशिवाय मी कुठंच जाणार नाही. ते मी आत्ताच सांगतो, नाहीतर पुन्हा धीर व्हायचा नाही.

तो वर गेला. हेमलता त्या सहा ड्रोनांच्या मध्ये थांबून राहिली. वरून भांडणाचा आवाज आला नाही, कसलाच आला नाही. पाऊण तासाने निवृत्ती जिना उतरून आला. त्याच्या खांद्याला पिशवी होती. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. मोटरसायकल सुरू केली आणि गेला.

सोमवारी बहीणभाऊ सांगलीच्या केंद्रात गेले. ती ओळखीची नर्स तिथे होतीच. तिने सन्मतीला ओळख दाखवली आणि पुढचं नाव पुकारलं, बस. रक्ताचा निकाल डबीसारखाच आला. तपासणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की संसर्ग इतका ताजा आहे की शरीराचं अजून काहीच बिघडलेलं नाही. गोळ्या त्याच दिवशी सुरू झाल्या, आणि महिन्याभराने पहिलं इंजेक्शन द्यायचं ठरलं. येताना सन्मतीने बहिणीला विचारलं, की नंदाताई रोज असं किती जणांना सांगते? चार-पाच, ती म्हणाली. “आणि मग जेवतीस?” त्याने विचारलं. जेवते, ती म्हणाली.

निवृत्ती आयटीआयच्या वसतिगृहात राहत होता. फोन उचलत नव्हता. सन्मतीने त्याला फक्त एक निरोप धाडला होता, चाचणी करून घे, डबी कशी मागवायची ते खाली लिहिलंय. त्यावर उत्तर आलं नव्हतं. हेमलताला निवृत्तीशी बोलावंसं फार वाटे, पण आता ती कुणाच्याही दाराआड कान लावणार नव्हती.

महिना भरत आला तेव्हा एका संध्याकाळी निवृत्तीच तिच्या दारात उभा राहिला. मिरजेला वेल्डिंगच्या कांड्या घ्यायला आलो होतो, असं म्हणाला. हातात कांड्या नव्हत्या. हेमलताने त्याला स्वयंपाकघरातच बसवलं आणि ताट वाढलं. तो जेवला. मग त्याने सांगितलं की डबी मागवली होती, एकदा आणि परत दोन आठवड्यांनी. दोन्हीदा एकच रेघ. पलीकडे कुणीतरी बाई होत्या, बारीक आवाजाच्या. चांगलं बोलल्या. त्या तुम्ही नव्हता ना?

“नव्हते,” हेमलता म्हणाली. “असते तर लगेच सांगितलं असतं. तेवढं आता शिकलेय.”

तो पहिल्यांदा जरासा हसला. मग ताटातल्या मिठावरून बोट फिरवत राहिला. सन्मतीला माफ करावं का, हे विचारायला तो आला असावा असं तिला वाटत होतं, आणि त्यावर आपल्याकडे सल्ला नाही हेही तिला माहीत होतं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत तिने कुणाला तो दिला नव्हता. पण निवृत्तीने भलतंच विचारलं.

“लहानपणी कसा होता हो तो?”

हेमलताने सांगितलं. आई गेल्यावर वर्षभर तो हेमलताच्या साडीचं टोक धरून झोपायचा. उंदीर दिसला की ओरडायचा आणि तोच उंदीर पिंजऱ्यात सापडला की चोरून सोडून द्यायचा. खोटं बोलला की त्याच रात्री ताप यायचा. शाळेच्या नाटकात राजा झाला आणि सगळ्यांची वाक्यं पाठ असल्यामुळे प्रधानाचीही म्हणून बसला. सांगता सांगता जिनदत्त दुकान बंद करून आला, तोही ऐकत बसला, त्यानेही दोन गोष्टी घातल्या. निवृत्ती हसत होता आणि मध्येच बाहीला डोळे पुसत होता, आणि ते कुणी पाहिलं तरी त्याला चालत होतं.

निघताना तो दारात थबकला. परवा इंजेक्शनची तारीख आहे ना त्याची, त्याने विचारलं. हेमलताने हो म्हटलं. आपण बसने जाणार आहोत, असंही सांगितलं.

“बस नको,” तो म्हणाला. “मी रजा टाकलीय. आयटीआयतल्या एका मास्तरांची गाडी मागून घेतो. आधी त्याला जयसिंगपुरातनं घेतो, मग इकडं येतो. आठला तयार राहा. आणि अक्का, तुम्ही मागं बसायचं. त्याला पुढं, खिडकीकडंला लागतं. गाडी लागते त्याला.”

हेमलता नेमकं तेच सांगायला तोंड उघडत होती. ती आत गेली आणि त्याच्यासाठी बांधलेल्या डब्यात दोघांना पुरेल एवढं घातलं.